पाहुणा आणण्याआधी पाणी पाहा

मुलांचे हट्ट कुठवर पुरवायचे, हा प्रश्न तुमच्याही घरी असेलच. आमच्या धाकट्या चिरंजीवांनी परवा मोबाईलवर निळ्या उजेडात तरंगणाऱ्या जेलीफिश पाहिल्या आणि जाहीर केलं, "आई, आपल्या काचेच्या पेटीत ह्याच आणायच्या!" आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "आणा की! फुलसावंगीत समुद्र तेवढा आणायचा राहिलाय."

पेटी रिकामी का होती, तेही सांगते. गेल्या वर्षी तिच्यात दोन गोल्डफिश होते. पाणी जरा गढूळ दिसलं, म्हणून एका रविवारी मी ते सगळं ओतून दिलं, पेटी भांड्यांसारखी लख्ख घासली आणि नळाचं ताजं पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही मासे उलटे तरंगत होते. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना सोसत नाही आणि घाणीचं विष कमी करणारे उपयोगी जंतू मीच घासून टाकले होते, हे मागाहून कळलं. लेक रडत म्हणाला, "पण आई, तू तर स्वच्छच केलं होतंस ना?" मला काही बोलताच येईना.

म्हणून या वेळी आधी वाचलं. जेलीफिश हा मासाच नव्हे. हाडं नाहीत, मेंदू नाही, हृदय नाही. अंगात सुमारे ९५ टक्के पाणीच. तिला लागतं समुद्राचं पाणी, म्हणजे लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार. स्वयंपाकाचं मीठ ढवळून ते होत नाही. समुद्री क्षारांचं खास मिश्रण लागतं. चौकोनी पेटीच्या कोपऱ्यात तिचं नाजूक अंग अडकून फाटतं, म्हणून पेटी गोल आणि पाणी संथ फिरतं हवं. हवेचे बुडबुडेही नकोत, ते तिच्या छत्रीत अडकतात. खायला रोज आर्टेमिया नावाच्या बारीक जीवाची ताजी पिल्लं. घरात पाळतात त्या मून जेलीफिशला पाणी २०-२२ अंशांच्या आसपास मानवतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ वर! कूलरसमोर आपलाच जीव कासावीस होतो. त्यात वीज गेली, की प्रवाह थांबला आणि ती तळाला बसली. एवढं करून तिचं आयुष्य बहुधा वर्षभराचं.

"मग गोड्या पाण्यातली आणू!" चिरंजीव हटेनात. गंमत म्हणजे तशी असते, आणि आपल्या महाराष्ट्रातच असते. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात असताना सह्याद्रीत भटकत. १९११ च्या सुमारास त्यांना सातारा जिल्ह्यातल्या नद्यांत ही इवलीशी जेलीफिश दिसली. तोवर तिच्या जातीच्या जेलीफिश फक्त आफ्रिकेत ठाऊक होत्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला आज त्यांचंच नाव आहे. ही गोष्ट चिरंजीवांनी दोनदा सांगायला लावली. मग म्हणाला, "ती नदीतच राहू दे. आपण पाहायला जाऊ."

पेटीत आता गप्पी मासे आहेत. तुम्हीही आणणार असाल, तर माझ्या चुकीतून शिका. नळाचं पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवा. एका वेळी पाव हिस्साच पाणी बदला. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धरता पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. खाणं चिमूटभर, दोन मिनिटांत संपेल इतकंच. गप्पी डासांच्या अळ्याही खातात. मात्र जास्त झाले म्हणून नाल्यात सोडू नका, तिथल्या माशांना त्यांचा त्रास होतो.

घर लख्ख ठेवण्याची आपली सवय चांगलीच. पण पाण्यातल्या पाहुण्याचं घर त्याच्या तब्येतीप्रमाणे ठेवावं लागतं. ते आपल्याला जमणार नसेल, तर मुलाला "नाही" म्हणायला कचरू नका. कारण सांगितलं, की मुलं ऐकतात.