उरलेले आकडे फेकून द्या

‘एक ते अमुक यांमधला कुठलाही आकडा हवा? मग मोठा आकडा घ्या, अमुकने भागा, बाकी वापरा.’ प्रोग्रॅमिंगच्या क्लासात हे सुरुवातीलाच शिकवतात आणि नोकरी लागल्यावरही पुष्कळांची सवय सुटत नाही. हा आपला पूर्वपक्ष. तो चुकीचा आहे, आणि शेतीच्या मोजणीने या चुकीचा बंदोबस्त फार आधी करून ठेवला आहे.

पडेगावची वस्ती मागे टाकून दौलताबादच्या वाटेला लागले की कपाशी-मक्याची शिवारे दिसू लागतात. पीकविम्यासाठी मंडळातले सरासरी उत्पन्न ठरते ते पीक कापणी प्रयोगावरून. ही पद्धत देशात रुजवणाऱ्यांत पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे आघाडीवर होते. प्रयोगासाठी गट निवडायचा तोही यादृच्छिक आकड्याने आणि शेतातली जागा ठरवायची तीही तशीच. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उभे राहायचे, लांबी-रुंदी मोजायची, त्यातून कापणीच्या तुकड्याची लांबी-रुंदी वजा करायची. उरलेल्या मर्यादेत बसणारे दोन आकडे काढायचे आणि तितके आत चालत जाऊन खुंट्या ठोकायच्या. पीक चांगले दिसते तिथे दोरी टाकायची नाही आणि वाईट दिसते तिथेही नाही.

समजा, शेत 90 मीटर लांब आणि तुकडा 10 मीटरचा. म्हणजे 1 ते 80 यांतला एक आकडा हवा. तक्त्यात दोन अंकी आकडे. 00 म्हणजे 100 धरू. निघाला 87. पूर्वपक्ष म्हणतो, 80 वजा करा, 7 घ्या. पण असे केले की 1 ते 20 या प्रत्येक जागेला दोन संधी मिळतात आणि 21 ते 80 यांना एकच. पहिल्या 20 मीटरांत तुकडा पडण्याची शक्यता 25 टक्के असायला हवी, ती 40 टक्के होते. आणि हे पहिले 20 मीटर बांधाकडचे! बांधावर कडुनिंबाची सावली असेल तर तिथले पीक मार खाते, शेजारच्या चारीचे पाणी झिरपत असेल तर माजते. सरासरी कुणीकडेही घसरो, तिच्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ उरत नाही. म्हणून नमुना पाहणीचा नियम असा की 80 च्या पुढचा आकडा आला तर तो सोडून द्या, पुढचा घ्या. बाकी वापरायचीच असेल तर मर्यादेच्या शेवटच्या पूर्ण पटीपर्यंतचेच आकडे चालतात.

आता संगणकाकडे या. सी भाषेच्या प्रमाणकानुसार तिच्या यादृच्छिक फलनाची कमाल किंमत किमान 32,767 असली पाहिजे, आणि काही प्रणालींत ती तेवढीच असते. म्हणजे शून्य धरून 32,768 आकडे. सोडतीला 10,000 अर्ज आले आणि कुणी बाकी घेतली, तर यादीतल्या पहिल्या 2,768 जणांना चार-चार संधी, बाकीच्यांना तीन-तीन. अर्ज 40,000 असतील तर शेवटच्या 7,232 जणांचा नंबर लागणारच नाही, सोडत हजार वेळा काढली तरी.

‘मग अपूर्णांकाने गुणा,’ असा हुशार तोडगा निघतो. त्याने जास्तीच्या संधी यादीच्या डोक्यावरून उठतात आणि यादीभर विखुरतात. नाहीशा होत नाहीत. 32,768 आकडे 10,000 जणांत सारखे वाटता येत नाहीत, गुणून नाही की भागून नाही.

‘आता 64 बिटांचे आकडे आहेत, फरक नगण्य आहे,’ हा आक्षेप मात्र खरा आहे. दहा हजारांच्या सोडतीत तो फरक कुणाला दिसणार नाही. पण आपल्या हातातले फलन किती बिटांचे आहे हे न पाहता बाकी घेणारेच जास्त भेटतात, आणि बरोबर रीत महागही नाही. नको असलेला आकडा टाकून नवा काढायला सरासरीने जेमतेम एखादा जादा फेरा लागतो. पायथनमधली तयार फलने आतून हेच करतात; तिथे स्वतःची बाकी काढत बसणे म्हणजे केवळ हौस.

तरीही आकडा सारख्या संधीचा असला म्हणजे सोडत विश्वासार्ह झाली असे नाही. अमेरिकेतल्या लॉटरी संघटनेचा माहिती-सुरक्षा प्रमुख एडी टिप्टन याने आकडे काढणाऱ्या प्रोग्रॅममध्येच अशी मेख मारली होती की वर्षातल्या ठरावीक दिवशी निकाल आधी ओळखता यावा. 2017 मध्ये त्याला शिक्षा झाली. यावर ‘त्यापेक्षा चिठ्ठ्या बऱ्या’ म्हणणाऱ्यांनी 1969 ची अमेरिकी लष्करभरतीची सोडत आठवावी: 366 डब्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या, नीट ढवळल्या नाहीत, आणि वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्यांचे नंबर लवकर लागले.

आपल्याकडे म्हाडाची घरे आणि आरटीईचे प्रवेश संगणकीय सोडतीने ठरतात. अशा प्रत्येक सोडतीसाठी आग्रह धरावा तो असा: आधी क्रमांकांसह अर्जदारांची यादी जाहीर करा, नंतर सर्वांसमोर फासे टाकून बीज, म्हणजे प्रोग्रॅम ज्या आकड्यापासून सुरुवात करतो तो, ठरवा, प्रोग्रॅम आधीच उघडा ठेवा. मग पडेगावातला बारावीचा विद्यार्थीही घरच्या लॅपटॉपवर तीच सोडत पुन्हा काढून निकाल ताडून पाहील. ‘गोपनीयतेमुळे बीज देता येत नाही’ हे उत्तर तेव्हा टिकत नाही, कारण सोडत संपल्यावर बीजात लपवण्यासारखे काही उरलेले नसते. निकालाच्या पीडीएफमध्ये त्याला एक ओळ पुरते.