गुरुवारचा आंकडा

२०२१ च्या जुलैंतील गोष्ट. पन्हाळ्यावर पावसाची झड लागली होती. गडाचा रस्ताही खचला होता, आणि घरचीं सारीं माणसें दूरचित्रवाणीपुढें बसून होतीं. खालीं प्रयाग चिखलीस आमच्या आत्याबाई. त्यांनीं सोनतळीस निघावें कीं थांबावें, हें आमच्या निरोपावर अवलंबून. त्यासाठीं एकच आंकडा हवा होता: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे? ३९ वर इशारा, ४३ वर धोका, हें आमच्याकडील पोरांनाही पाठ आहे. पण पडद्यावर एक वार्ताहर कंबरभर पाण्यांत उभा राहून ओरडत होता. मागें वाद्यांचा गजर, आणि तेंच दृश्य फिरफिरून. आंकडा अखेर कोल्हापूरच्या भाच्यानें दूरध्वनीवरून कळविला. तोंवर चिखलीची वाट बुडाली होती. आत्याबाईंना नावेंतून काढावें लागलें.

वार्ताहरास बोल लावणें सोपें आहे. त्याच्या पाठीशीं असलेला हिशेब वाचकांनीं पाहावा. देशांत वीस कोटींहून अधिक घरांत दूरचित्रवाणी आहे. त्यांपैकीं अवघ्या पन्नास-साठ हजार घरांत 'बार्क' या संस्थेचीं मापकयंत्रें आहेत. त्यांवरून दर गुरुवारीं वाहिन्यांचा आंकडा निघतो व जाहिरातींचा दर त्यावर ठरतो. बातम्यांचा प्रेक्षक मुळांत थोडा. तेव्हां मोजक्या घरांनीं कळ फिरविली तरी क्रम बदलतो. मग त्या घरांना खिळवून ठेवणें, हाच धंदा होतो. ऑक्टोबर २०२० मध्यें तर अशा घरांना पैसे चारल्याचा आरोप मुंबई पोलिसांनीं कांहीं वाहिन्यांवर ठेवला. (पुढें सरकारनेंच खटला मागें घेण्याचें ठरविलें व २०२४ मध्यें न्यायालयानें अनुमती दिली.) बार्कनें बातम्यांचे आंकडे थांबविले; ते मार्च २०२२ मध्यें, चार आठवड्यांच्या सरासरीच्या रूपानें, पुन्हां निघूं लागले.

म्हणजे आमच्या पुराच्या वेळीं तो आंकडा निघतच नव्हता! तरीही ओरड तीच. गुरुवारची धास्ती गेली, पण तिनें लावलेली संवय गेली नाहीं. आणि ती आम्हां पाहणाऱ्यांनाही जडली होती, हें कबूल केलें पाहिजे. त्या रात्रीं कोणीही उठून वाहिनी बंद केली नाहीं.

आत्याबाई आतां पावसाळाभर आमच्याकडेच असतात. बातम्या लागल्या कीं त्या आवाज बंद करावयास सांगतात, आणि चष्मा लावून खालच्या पट्टींत फूट दिसतात का, तेवढें पाहतात.