पोकलेन थांबला, फाइल चालत राहिली

माळशेज घाटाच्या पायथ्याशी काळू नदीवर २०११ साली पोकलेन उतरले, तेव्हा मुरबाड तालुक्यातल्या त्या गावांना धरण होणार हे ऐकून तेवढं ठाऊक होतं. वनखात्याची मंजुरी आलेली नव्हती. सुमारे एक हजार हेक्टर वनजमीन जाणार होती, आणि १९८०च्या वनसंवर्धन कायद्यानुसार अशा जमिनीवर केंद्राच्या परवानगीशिवाय बिगरवन कामाची कुदळ मारता येत नाही. तरीही काम सुरू झालं. काम काढलं कोकण पाटबंधारे विकास महामंडळानं, पैसा एमएमआरडीएचा, पाणी जायचं महानगराला. बुडायचं होतं ते ठाकर, महादेव कोळी, कातकरी यांच्या वस्त्यांनी.

हे प्रकरण बाहेर काढलं कोणी? एखाद्या मोठ्या दैनिकाच्या शोधपत्रकारानं नव्हे. श्रमिक मुक्ती संघटनेनं, म्हणजे इंदवी तुळपुळे आणि गावोगावच्या आदिवासी कार्यकर्त्यांनी कागद जमवले, मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि मार्च २०१२ मध्ये कामाला स्थगिती मिळवली. बातम्या मागाहून आल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्राच्या वन सल्लागार समितीनं प्रस्ताव नाकारला. कायदा मोडून सुरू केलेलं सरकारी काम न्यायालयानं अडवलं, केंद्रानंही नाही म्हटलं. बातमीदाराच्या लेखी विषय संपला.

विषय संपला नव्हता. वर्षभरानं तोच प्रस्ताव त्याच समितीपुढे पुन्हा आला आणि २०१३ मध्ये समितीनं मंजुरीची शिफारस केली. पहिल्या नकाराला जितकी जागा मिळाली, तितकी या होकाराला मिळाली नाही. माझ्या मते धोका इथं आहे. गैरव्यवहार उघड होत नाहीत अशी आपली तक्रार असते. पण उघड झाल्यावर तिकडे कोण बघत बसतं, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. पोकलेन थांबला की फोटो निघतो. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर सरकते तेव्हा कसला फोटो काढणार?

२०१२ हे साल या दृष्टीनं पुन्हा वाचून पाहण्यासारखं आहे. जलसंपदा विभागातले मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी मे महिन्यात मुख्यमंत्री आणि राज्यपालांना पत्र लिहून धरणांच्या कामातली लूट मांडली. वर्तमानपत्रांनी ते उचलून धरलं. २५ सप्टेंबरला अजित पवारांनी उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला, नोव्हेंबरअखेर श्वेतपत्रिका आली आणि डिसेंबरात ते त्याच पदावर परतले. मग चितळे समिती, तिचा २०१४चा अहवाल, मग लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची चौकशी. ऑगस्ट २०१५ मध्ये ठाण्यात पेणच्या बाळगंगा धरणाचा गुन्हा दाखल झाला, त्यात आरोपी म्हणून आलेलं कंत्राटदार घराणं काळूच्या कामावरही होतं. गुन्हा नोंदवला म्हणजे दोष सिद्ध झाला असं नव्हे, हे खरं. पण काळूकाठचा माणूस विचारतो, मग झालं काय? त्याला एका वाक्यात उत्तर देता येईल असा बातमीदार आज तालुक्यात मला दिसत नाही.

मुंबईच्या पत्रकाराला शहापूर-मुरबाड माहीत असतं ते जूनमध्ये. तानसा, भातसा, मोडकसागर यांत किती टक्के पाणीसाठा, एवढीच आमची बातमी. तानसा धरण १८९२चं. त्याच्या जलवाहिन्या शहापूरच्या शिवारातून जातात, आणि याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ हे इकडे इतक्यांदा छापून आलंय की वाचताना आता कुणी थबकत नाही. टँकरच्या खेपांची नोंदवही आणि पाड्यावर खरोखर आलेल्या खेपा यांचा मेळ कुणी घालत नाही. तो घालायला कुठली गुप्त कागदपत्रं लागत नाहीत. लागतो तो वेळ. आणि एप्रिलच्या उन्हात आठ दिवस पाड्यावर बसायची तयारी.

न्यायालय म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे काळा कोट येतो. आदिवासी खातेदाराचं न्यायालय बहुधा तहसील कचेरीतच असतं. फेरफारावर हरकत आली की तक्रारी केस होते. ती मंडळ अधिकारी किंवा नायब तहसीलदार ऐकतो, अपील प्रांताकडे. सकाळी पंचनामे, निवडणूक, रेशन बघणारा माणूस दुपारी न्याय देतो. १९७४ पासून महसूल संहितेच्या ३६ अ कलमानुसार आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकायची तर सरकारच्या पूर्वमान्यतेनं जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यातला तसा शेरा हीच त्या जमिनीची राखण. तो शेरा गेला तर बाकीचं आपोआप होतं. आणि शेरा घालवण्याची एक वाट १५५ कलमातून जाते. हे कलम लेखनप्रमाद दुरुस्तीचं आहे, म्हणजे नावातला काना-मात्रा सुधारण्यासाठी. त्याच्या आडून मालकीच बदलण्याचे आदेश निघाल्याच्या तक्रारी राज्यात नव्या नाहीत. ही शोधपत्रकारितेची खाण आहे. खणणारे कुठे आहेत?

एका कचेरीच्या व्हरांड्यात मी एका म्हाताऱ्या माणसाला पाहिलं होतं. जीपचं भाडं मोजून सुनावणीला आलेला. साहेब ट्रेनिंगला गेले होते. शिपायानं कागदावर पुढची तारीख लिहून दिली, त्यानं ती पिशवीतल्या प्लास्टिकमध्ये जपून ठेवली. त्या प्लास्टिकमध्ये अशा चार चिठ्ठ्या आधीच होत्या. यात कुणी लाच घेतली नाही, कुणी शिवी दिली नाही. बातमीच्या व्याख्येत हे बसत नाही, आणि जमीन मात्र अशीच जाते.

तालुका प्रतिनिधीला दोष देणं सोपं आहे. त्याला पगार नाही, असला तर नावाचा. जाहिरातीचं टार्गेट मात्र आहे. वाढदिवसाची पुरवणी ज्यांच्या जिवावर निघते त्या ठेकेदाराच्या आणि पुढाऱ्याच्या फाइली त्यानं काढाव्यात, अशी अपेक्षा आपण चहाच्या टपरीवर बसून करतो. राजापुरात शशिकांत वारिशे यांनी तसं करून पाहिलं. ६ फेब्रुवारी २०२३ला रिफायनरी समर्थक जमीनव्यावसायिकावरची त्यांची बातमी छापून आली, आणि त्याच दिवशी त्याच माणसाच्या गाडीनं त्यांना उडवलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा राज्याचा कायदा तेव्हा अस्तित्वात होता.

खऱ्या कोर्टाविषयी लिहिणं तर आणखी जोखमीचं. ‘ब्लिट्झ’चे बातमीदार नरेश मिरजकर यांना १९६४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका साक्षीदाराची साक्ष छापायला मनाई झाली. ती छापली तर धंद्याचं नुकसान होईल, अशी त्या साक्षीदाराची तक्रार होती. मनाई करणारे न्यायमूर्ती होते तारकुंडे, पुढे नागरी स्वातंत्र्यासाठी झगडलेले. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं १९६६ मध्ये मिरजकरांची याचिका फेटाळली. चांगल्या माणसाच्या हातूनही दार बंद होतं, हे त्या प्रकरणात मला जास्त खुपतं. न्यायालयाच्या अवमानाच्या खटल्यात ‘लिहिलं ते खरं आहे’ असा बचाव करण्याची मुभा कायद्यात आली ती २००६ मध्ये. पुढच्याच वर्षी माजी सरन्यायाधीशांवर लिहिल्याबद्दल ‘मिड-डे’च्या पत्रकारांना दिल्ली उच्च न्यायालयानं चार महिन्यांची कैद सुनावली. ती शिक्षा रद्द व्हायला २०१७ उजाडलं.

एवढं असूनही सामान्य माणसाच्या हाती एक हत्यार होतं: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलेला माहिती अधिकाराचा अर्ज. ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून कागद नाकारायचा तर त्याचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, हे पाहावं लागे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकार कायद्याच्या आठव्या कलमातल्या त्या तरतुदीच्या अटी काढून टाकल्या. आता माहिती वैयक्तिक आहे एवढं म्हटलं तरी पुरे. व्यापक जनहिताची वेगळी वाट कायद्यात अजून आहे. पण ती अपिलात भांडून मिळवायची, आणि अपील म्हणजे पुन्हा तारखा. लाभार्थ्यांची यादी, अधिकाऱ्याची मालमत्ता, फेरफारातली नावं, सगळंच वैयक्तिक ठरवता येतं. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमिनीचे असेच कागद काढत होते. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी त्यांचा खून झाला.

फेरफाराची नोटीस तलाठ्यानं चावडीवर लावायची असते. हरकतीला मुदत पंधरा दिवस. गेल्या पावसाळ्यात एका सजाच्या बोर्डावर मी ती वाचायला थांबलो. कागद ओला होऊन उलटा फिरला होता, शाई पसरलेली. गट नंबर तेवढा वाचता येत होता. मुदतीचे दोन दिवस उरले होते.