कलावंतही कामगारच

पुणे-सोलापूर महामार्गालगत लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत कायम नोकरीवर असलेल्या कामगाराच्या वेतनातून भविष्य निर्वाह निधीची कपात होते व मालकही त्यात आपली भर घालतो. याच परिसरातील यात्रेत रात्रभर ढोलकी वाजविणाऱ्या कलावंताच्या नावे मात्र अशी कपातही नसते आणि भरही नसते.

तमाशाचा हंगाम दसऱ्याच्या सुमारास सुरू होतो आणि चैत्र-वैशाखातील यात्रांत ऐन भरात येतो. नारायणगावला फडमालकांच्या राहुट्या लागतात व गावोगावची मंडळी तेथे सुपारी देतात. पावसाळ्यात काम थांबते. तो काळ कलावंत फडमालकाकडून उचल घेऊन काढतो आणि पुढचा हंगाम ती फेडण्यात घालवितो. भीमगीते गाणाऱ्या आपल्या गायन पार्ट्यांची मुख्य कमाईही जयंतीच्या दिवसांतलीच. २०२० आणि २०२१ साली महामारीमुळे यात्रा व जयंतीचे कार्यक्रम बंद राहिले, तेव्हा या घरांच्या चुली कशा पेटल्या असतील?

शासन काहीच करीत नाही, असे नाही. ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठीची मानधन योजना १९५४-५५ पासून चालू आहे आणि २०२४ च्या निर्णयाने हे मानधन दरमहा ५,००० रुपये झाले. परंतु सर्वसाधारणपणे पन्नाशीनंतरच ते मिळू शकते. तिशीतल्या नर्तकीचा पाय मोडला, तर त्याचा उपयोग काय? राष्ट्रपतींच्या हस्ते गौरविल्या गेलेल्या विठाबाई नारायणगावकर यांचे अखेरचे दिवस विपन्नावस्थेत गेले. २००२ साली त्यांचे निधन झाले. आज त्यांच्या नावे शासन जीवनगौरव पुरस्कार देते. गौरव आणि सुरक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून कळावे.

वाट आपल्याच राज्यात सापडते. हमालाचा मालकही रोज बदलतो. तरीही १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे उभी राहिली. मंडळ हमालाची आणि व्यापाऱ्याची नोंद ठेवते, मजुरीबरोबर व्यापाऱ्याकडून लेव्ही घेते आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, उपदान, रजा यांची तरतूद करते. फ्रान्समध्ये बारा महिन्यांत ५०७ तास काम केलेल्या रंगकर्मीला कामाविना दिवसांत बेरोजगारी भत्ता मिळतो. लोककलावंतांसाठीही असे मंडळ व्हावे आणि प्रत्येक सुपारीवर अल्प लेव्ही असावी. फड आधीच डबघाईला आले आहेत, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच लेव्हीचा भार सुपारी देणाऱ्याने उचलावा आणि तितकाच वाटा शासनाने घालावा.

१९४२ ते १९४६ या काळात केंद्रात मजूर खाते सांभाळताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामगाराच्या सुरक्षेला कायद्याचा आधार देण्याची दिशा धरली. त्यांचा विचार खेड्यापाड्यांत पोहोचविला तो जलसाकारांनी आणि वामनदादा कर्डकांसारख्या लोकशाहीरांनी. त्या परंपरेचे ऋण केवळ टाळ्यांनी फिटणार नाही.

कायदा होईल तेव्हा होवो. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण जयंती उत्सव समित्यांवर आहेत. त्यांनी गायन पार्टीला ठरलेली रक्कम त्याच रात्री द्यावी आणि कार्यक्रमाची तारीख, ठिकाण व कलावंतांची नावे लिहिलेले सही-शिक्क्याचे पत्रही द्यावे. मानधनाच्या अर्जाला कलासेवेचे पुरावे लागतात. आयुष्यभर गायिलेल्या माणसाजवळ बहुधा तेवढाच कागद नसतो.