गेलेल्यांची साक्ष कोण काढणार?

‘जुनी माणसं ज्वारीच्या भाकरीवर नव्वदी गाठायची,’ हे लातूर-नांदेडच्या कुठल्याही पारावर ऐकायला मिळतं. पुरावा म्हणून पारावरचेच एखादे ताठ आजोबा पुढं केले जातात. ज्वारीशी माझं वैर नाही. आहे ते या पुराव्याशी. तीच भाकरी खाऊन चाळिशीत गेलेले त्यांचे सवंगडी पारावर कसे येतील? १९५१च्या सुमारास देशाचं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या घरात होतं.

आणि नव्वदी तरी मोजली कुणी? आपल्याकडं १ जूनला जन्मलेल्यांची दाटी बघा. डोक्यावरून हात नेऊन कान धरता आला की मास्तर पोराला शाळेत घेत आणि जूनची पहिली तारीख टाकत. त्यात पासष्टीला श्रावणबाळ योजना, पंचाहत्तरीला एसटी फुकट. वय पुढं सरकायला निमित्तंही आहेत. हे आपलंच नव्हे. अमेरिकेत राज्याराज्यांत जन्मनोंदणी सुरू झाली, तशी ११० वर्षं ओलांडल्याची प्रकरणं झपाट्यानं घटली, असं सॉल न्यूमन या संशोधकानं दाखवलं.

पण म्हणून ‘अडाणी माणसाचं वय कळतच नाही’ असं म्हणत हात झटकणंही मला पटत नाही. एका आजींना वय विचारलं. ‘असंल सत्तर-ऐंशी.’ बरं, रझाकाराच्या वेळी? ‘मायच्या काखंत व्हते.’ बहात्तरच्या दुष्काळात? ‘खडी फोडाया. थोरलं पोरगं चालत व्हतं.’ म्हणजे १९४८च्या पोलीस ॲक्शनला वर्ष-दीड वर्षाच्या. दहा वर्षांचा घोळ दोन प्रश्नांत वर्षभरावर आला.

तब्येतीचं तसंच. ‘कशी हाय?’ म्हटलं की ‘बरंय की’. तेव्हा विचारण्यावर थांबू नका, मोजा. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या ‘लासी’ पाहणीत २०१७-१८मध्ये पंचेचाळिशीपुढची आणि त्यांचे जोडीदार अशी मिळून सुमारे ७२ हजार माणसं घेतली. मुठीची ताकद, रक्तदाब मोजला. साठीपुढच्यांना चार मीटर चालायला लावून वेळ नोंदवली. बेत असा की हीच माणसं पुन्हा पुन्हा गाठायची. मधेच कोण गेलं, कशानं गेलं, हेही मग हिशोबात येतं. पारावर नेमकं तेच गळतं.

‘त्यात आमचं लातूर-नांदेड कुठं?’ हा आक्षेप मात्र रास्त आहे. लासीचे आकडे राज्यापुरतेच बोलतात. जिल्ह्याची पाहणी वेगळी करावी लागेल, तीही गुढीपाडव्यानंतर. दिवाळी उलटल्यावर मुखेड-कंधारच्या तांड्यावर गेलात, तर पंचेचाळिशीची माणसं उसाच्या फडावर असतील. दारात म्हातारी आणि नातवंडं भेटतील.