आधार कुणाला, हिशोब कुणाचा?

रुग्णालयात चूक झाली, अपघात झाला, की पहिला घाव बसतो तो रुग्णावर आणि त्याच्या माणसांवर. हे कधीही विसरता कामा नये. पण त्या पाळीवर उभी असलेली सिस्टरही आतून मोडते. अशा कर्मचाऱ्यांना अमेरिकेतील डॉ. अल्बर्ट वू यांनी २००० साली 'दुसरा बळी' म्हटले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात २०११ पासून त्यांच्यासाठी 'राइज' हा उपक्रम चालतो. प्रशिक्षण घेतलेले सहकारीच रात्री-अपरात्री हाकेला येतात, ऐकून घेतात.

चांगलीच गोष्ट. पण तिचे मोजमाप कसे झाले पाहा. २०१७ च्या एका अभ्यासाने हिशोब मांडला : रजा कमी, नोकरी सोडणे कमी, म्हणून 'राइज'ची मदत मागणाऱ्या एका परिचारिकेमागे रुग्णालयाचे वर्षाला सुमारे २२,५०० डॉलर वाचतात. बाई कामावर परतली, पैसे वाचले, कार्यक्रम यशस्वी!

आणि आपल्याकडे? ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. त्या दिवशी ११ रुग्ण दगावले. काही दिवसांतच अटक झाली ती कुणाला? एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका. चौघीही बायका! हयगय झाली असेल तर चौकशी जरूर व्हावी. पण वायरिंग, आगीचा बंदोबस्त, निधी यांच्या फायली काय सिस्टर सांभाळतात? मग चौकशी वरपासून खालपर्यंत का नको?

मैत्रिणींनो, आधाराचे कार्यक्रम आपल्याकडेही हवेतच. मात्र त्यांच्या कसोट्या व्यवस्थापनाने नव्हे, आपण ठरवायच्या. कंत्राटी सिस्टरला, आयाबाईला, आशाताईला तो आधार मिळतो का? तिथे मन मोकळे केलेले उद्या तिच्याच विरुद्ध वापरले जाणार नाही ना? एका पाळीत किती रुग्णांमागे किती सिस्टर, हे बदलले का? तोच अपघात पुन्हा होणे थांबले का? आणि ज्यांचे माणूस गेले, त्यांना खरे काय घडले ते कुणी समोर बसून सांगितले का?

याची उत्तरे 'नाही' असतील, तर तो आधार नव्हे. मोडलेल्या बाईला डागडुजी करून त्याच मोडक्या वॉर्डात पुन्हा उभे करणे आहे. अशा डागडुजीला यश म्हणायला आपण ठाम नकार देऊ या.