दारातून कोण येतं ते बघा!

मंडळी, माझी मामेबहीण इथे शिकागोत मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला इमर्जन्सी मेडिसिनच करायचंय. त्यामुळे सध्या घरात एकच चर्चा... कुठली रेसिडेन्सी भारी? (रेसिडेन्सी म्हणजे आपल्याकडच्या एमडीसारखं.)

या शहरातली जुनी, मोठी नावं चार. कुक काउंटी आणि नॉर्थवेस्टर्न वर्षानुवर्षं चार वर्षांचे, तर युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो आणि यूआयसी तीन वर्षांचे. झालं, लोक लगेच एक्सेल उघडतात. नाव, पगार, वर्षं, प्रत्येकाला दहापैकी मार्क!

मला हे अजिबात पटत नाही. सर्व्हर घेताना आपण ब्रोशर बघतो की त्यावर लोड काय येणार ते? इथे लोड म्हणजे दारातून येणारा पेशंट. आणि तो ठरवतो शहराचा नकाशा.

उदाहरण घ्या. युनिव्हर्सिटी ऑफ शिकागोचं हॉस्पिटल साउथ साइडला आहे, जिथे गोळीबार नवीन नाही. पण खर्च परवडत नाही म्हणून त्यांनी १९८८ मध्ये मोठ्यांचं ट्रॉमा सेंटर बंद केलं. २०१० मध्ये तिथून काही ब्लॉकवर एका १८ वर्षांच्या मुलाला गोळी लागली. त्याला नेलं कुठे, तर थेट डाउनटाउनला, नॉर्थवेस्टर्नला. तो वाचला नाही. मग वस्तीतल्या तरुणांनी अनेक वर्षं आंदोलन केलं आणि मे २०१८ मध्ये सेंटर पुन्हा सुरू झालं.

आता सांगा, २०१५ चा रेसिडेंट आणि २०१९ चा रेसिडेंट, दोघांच्या सर्टिफिकेटवर नाव एकच. पण दार? एक्सेलमध्ये हा कॉलम कुठे असतो?

कुक काउंटी सरकारी. १९६६ पासून तिथे ट्रॉमा युनिट आहे, देशातल्या अगदी पहिल्यांपैकी. शिवाय विमा नाही म्हणून आजार अंगावर काढून शेवटी येणारा माणूसही तिथे भेटतो. हे पुस्तकात शिकता येत नाही.

चौथ्या वर्षाचं गणित मात्र खरं आहे. डोक्यावर कर्ज असताना आणखी एक वर्ष रेसिडेंटच्या पगारावर काढणं सोपं नाही. २०२५ मध्ये तर सगळीकडेच चार वर्षं करण्याचा प्रस्ताव एसीजीएमईने, म्हणजे या प्रोग्रॅम्सना मान्यता देणाऱ्या संस्थेने, मांडला. म्हणजे ज्या फरकावरून एवढा वाद, तोच उद्या कदाचित उरणार नाही!

म्हणून माझं तिला सांगणं एवढंच, की इंटरव्ह्यूत सरळ विचार: रात्री दोन वाजता इथे कोण येतं? आणि त्याला पहिला हात कोण लावतं, तुमचा रेसिडेंट की दुसऱ्या विभागाचा? उत्तर देताना समोरचा घुटमळला, तर काय ते समजून घे.

मॅचचा अल्गोरिदम उमेदवाराच्या बाजूने बनवलेला आहे. तेव्हा यादीत डावपेच नकोत, मनातला खरा क्रम लिहावा. पण तो क्रम दुसऱ्याच्या एक्सेलमधून आलेला नसावा.

असो. तुमच्या घरी कोणी या वाटेवर असेल, तर तुमचा काय अनुभव?